जरा मोठीच द्या

मी एक डोंगरातली सायकल आहे. म्हणजे दुकानात तरी मला तसंच म्हणायचे. डोंगर मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही अर्धाच. बाकी सगळा काळ म्हसवडजवळच्या एका वस्तीवर, मेंढरांच्या गोठ्याशेजारच्या भिंतीला टेकून गेला. त्याचं मला आता काही वाटत नाही. मी ॲल्युमिनियमची. लोखंडाची असते तर एव्हाना गंजायला तरी लागले असते. माझ्या नशिबी तेही नाही.

कुठल्या कारखान्यात झाले ते आठवत नाही. खोक्यातून साताऱ्याला आले. तिथल्या दुकानाचा मालक इंद्रजित, त्यानं मला चाकं लावली, गिअर बसवले आणि काचेमागं उभं केलं. निळा रंग, जाड टायर. तेव्हा मी खूश होते, उगाच कशाला नाकारू! लोक यायचे आणि आधी टायर अंगठ्यानं दाबून बघायचे. दाबून त्यांना काय कळायचं देव जाणे, पण प्रत्येक जण दाबायचा. मग पायडल उलटं फिरवायचे, मान हलवायचे आणि निघून जायचे.

एका सकाळी शटर वर जाताच एक माणूस आत आला. खांद्याला बॅग, डोळे झोपेनं तांबडे. त्याचं नाव धनाजी. कोइंबतूरला सोनं-चांदी गाळायच्या कामाला होता. वर्षातून एकदा, सिद्धनाथाच्या जत्रेला तो घरी यायचा. ट्रॅव्हल्समधून उतरला तो घरी न जाता सरळ दुकानातच आला.

"पोरीसाठी पायजे," तो म्हणाला. "स्वप्नाली माझी. मेढ्याला डोंगरातली शर्यत हाय. जिंकली तर जिल्ह्याकडनं जानार. लय चालवती पोरगी. चुलतभावाची जुनी सायकल घिऊन मेंढरांमागं माळानं पळती."

"तिला आणलीय का?"

"न्हाई. तिला न सांगता नेतोय."

"मग उंची किती तिची?"

धनाजीनं हात आपल्या छातीपाशी धरला. थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग चार बोटं वर नेला. "ही गेल्या जत्रंची. आता हितवर आली आसंल."

इंद्रजितनं शेजारची लाल, लहान सायकल पुढं काढली. "दादा, मग ही न्या. नाहीतर तिला घेऊन या. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उतारावर थांबायची वेळ आली आणि पाय टेकला नाही, तर माणूस आडवं होतं."

"ती एका सालात न्हानी पडंल. वाढतं अंग हाय पोरीचं." धनाजीनं माझ्या सीटवर थाप मारली. "हीच द्या. जरा मोठीच द्या."

त्याला नावं तरी कशी ठेवू? आपल्याकडं पोरांचं सगळंच जरा मोठं बघून घेतात. बुटात पुढं कापूस, फ्रॉकला आत दुमडलेली चार बोटं शिलाई. शिवाय धनाजी वर्षानं घरी येणार. रोज केसभर वाढणारी पोरगी त्याला कधी दिसलीच नव्हती. त्याच्या लेखी पोरं वर्षातून एकदा वाढतात, एकदम.

टेम्पोत आडवी पडून मी वस्तीवर आले. स्वप्नाली पळत आली आणि माझ्यासमोर येऊन थबकली. माझी सीट तिच्या बरगड्यांना लागत होती. धनाजीनं सीट पार खाली करून तिला वर बसवलं, तरी तिच्या पायाची बोटं जमिनीच्या वरच लोंबत होती.

"बसली का गं?" बापानं विचारलं.

तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. असं उजळलेलं तोंड तिला वर्षानं बघायला मिळालं होतं.

"बसली की, आण्णा! लय भारी हाय!"

धनाजी जत्रा करून गेला. नवी आली म्हटल्यावर चुलतभावानं आपली जुनी सायकल परत नेली. त्यात त्याची काय चूक? आता तिच्याकडं मी एकटीच होते.

पोरगी वाघीण होती, हे मी माझ्या तोंडानं सांगते. दगडावर चढून माझ्यावर बसायची. उतरताना वेग असतानाच उडी टाकायची. ब्रेकला बोटांची फक्त टोकं पोचायची. तिची आई, माया, कपाळाला हात लावून म्हणायची, "आगं, सांग की तुज्या आण्णास्नी." ती म्हणायची, "नगं गं. हुईल पुढच्या साली." शाळेचे सरही म्हणाले, "स्वप्नाली, ही तुझ्या मापाची नाही." "न्हाई सर, बसती," ती म्हणाली. एवढं खोटं ती माझ्यासाठी थोडंच बोलत होती? रात्री बापाचा फोन यायचा. तो आधी सायकलीचं विचारायचा, मग पोरीचं. फोन ठेवला की ती माझ्याकडं न बघता आत जायची.

मेढ्याला शर्यत झाली. चढाला तिनं मला अशी काढली की मोठमोठ्या पोरी मागं पडल्या. ती पुढं होती. हे मला अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

मग उतार लागला. एका वळणावर पुढची पोरगी घसरली. स्वप्नालीनं ब्रेक दाबला, मी थांबले, आणि तिनं पाय टेकायला खाली सोडला. खाली काहीच नव्हतं. आम्ही दोघी वाटेच्या कडेवरून खाली गेलो. कोपर फुटलं, माझं हँडल फिरलं. फार लागलं होतं अशातला भाग नाही. ती उठली. पण पुन्हा माझ्यावर बसेना. मला हातानं ढकलत, सगळ्यांच्या मागून, ती खाली आली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री फोन आला. "नंबर आला का?"

"न्हाई आला, आण्णा."

"आसू दे. पुढच्या साली. सायकल तर भारी हाय न्हवं?"

"व्हय."

त्यानंतर मी भिंतीला टेकले. टायरमधली हवा कधी गेली, मला कळलं नाही. कोंबड्या सीटवर बसू लागल्या. पहिल्यांदा राग आला, मग तोही गेला. स्वप्नाली समोरून जायची आणि मी दिसतच नसल्यासारखी पुढं जायची. ती वाढत होती. एक दिवस मला कळलं की आता मी तिला बसेन. ते कळूनही काही झालं नाही.

यंदाच्या जत्रेला धनाजी आला. आल्या आल्या त्यानं मला पुसलं, हवा भरली आणि पोरीला हाक मारली. ती बसली. दोन्ही पाय नीट जमिनीला लागले.

"बघा!" धनाजी सगळ्यांकडं बघत ओरडला. "म्हनलं न्हवतं? आता कशी झ्याक बसली! चल, मार एक चक्कर."

ती वाटेवरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली. तिथं उतरली आणि मला हातात धरून चालत परत आली.

धनाजी आपल्याच नादात होता. तिच्या धाकट्या भावाच्या, पप्पूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या खेपंला ह्याला बी आसलीच आनतो. जरा मोठी बघून."

"नगा आनू," स्वप्नाली म्हणाली.

"का गं?"

"तेला संगं घिऊन जावा. आज हाय तसा बघा, आन मग घ्या."

धनाजीचा हात पप्पूच्या डोक्यावरच राहिला. "तुला मोठी व्हती?"

"व्हय."

"आन शर्यतीत..."

"पाय टेकला न्हाई."

"मग बोलली का न्हाईस, बाय?"

"तुमी लय खूश व्हता."

त्यानं पप्पूच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. मग धनाजीनं विचारलं, "आता चालीवशील का?"

"आता भ्या वाटतं, आण्णा."

त्यानं मला तिच्या हातातून घेतलं आणि भिंतीला लावलं. मी पुन्हा जागच्या जागी. वाचणाऱ्या माणसा, माझ्यासाठी हळहळू नकोस, मला आता खरंच काही होत नाही. फक्त दुकानात जाशील तेव्हा पोराला बरोबर ने. तो शाळेत असो, झोपेत असो, उठवून ने.

धनाजी परत जायच्या दिवशी बॅग खांद्याला लावून निघाला आणि अंगणात थांबला. "स्वप्ने, हिकडं ये. उभी ऱ्हा जरा." ती समोर उभी राहिली. तो तिच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघत राहिला. गाडीचा हॉर्न वाजला तरी बघत राहिला.

"काय बघताय, आण्णा?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "आज हायस तेवढी बघून घेतो."