हरणाबाईंचा महागडा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, हे सांगताना मला जरा लाज वाटते. जुनं होण्यात लाज कसली? तुमच्या घरातला तवा जुना होतो तो भाकरी भाजून भाजून आणि चप्पल जुनी होते ती चालून चालून. मी मात्र कपाटात बसून जुना झालो. माझ्या कानाच्या गाद्यांना अजून नव्या रेक्झिनचा वास येतो.

मी साधासुधा हेडफोन नाही, हे आधीच सांगून टाकतो. बढाई मारायची ही माझी जुनी खोड आहे. मला वायर नाही. माझ्या दोन्ही वाट्यांत बारीक बारीक माइक आहेत. बाहेरची एकसारखी घरघर ते टिपतात आणि त्याच क्षणी मी तिच्या बरोबर उलटा आवाज तयार करून कानात सोडतो. दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि कानाला शांतता मिळते. पंखा, इंजिन, मोटार असले न थांबणारे आवाज मी चांगलेच दाबतो. कुणी अचानक हाक मारली, काही खणकन पडलं, तर ते मात्र थोडंफार ऐकू येतं. या करामतीचे बत्तीस हजार रुपये पडतात. एवढी किंमत देण्याजोगा मी आहे का, यावर माणसं तावातावाने भांडतात. साताऱ्याच्या दुकानात काचेमागे उभा असताना मी ती भांडणं रोज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आहेच मुळी! आता तसं म्हणवत नाही.

दिवाळीला आठ दिवस असताना सूरज त्या दुकानात आला. तो शिरवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनवर काम करतो. दुकानदाराने मला त्याच्या कानांवर चढवलं. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर, दुकानातला एसी, शेजारच्या गिरणीचा पट्टा, सगळं लांब गेलं. बाकीची गिऱ्हाइकं अशा वेळी गाणं लावायला सांगतात. सूरजने गाणं मागितलंच नाही. बऱ्याच वेळाने मला उतरवून तो सोबत आलेल्या सिद्धूला म्हणाला, "गड्या, ह्यो आईला पायजे. दिवसभर चार मागांच्या मधी उभी असती ती. आताशा तिच्यासंगं लय मोठ्यानं बोलावं लागतंय."

"सगळा बोनस जाईल रं," सिद्धू म्हणाला.

"जाऊ दे की. कान गेलं तर परत येत न्हाईत. कंपनीत सांगत्यात आमाला."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझं काम कळलं. कुणी विमानात झोपायला, कुणी दिमाख दाखवायला मला विकत घेतं. मला मात्र एका आईचे कान राखायचे होते. खोक्यात बसून एसटीने साताऱ्याहून निघालो तेव्हा मी फार खुशीत होतो.

सूरजचं गाव विट्याजवळ आहे. दोन खोल्यांचं घर आणि त्याच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये चार जुने यंत्रमाग. सूरजच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. वडिलांनी, म्हणजे भाऊसोंनी, ती विकून हे माग घेतले. माग चालू झाला की आडवा धागा घेऊन एक लाकडी धोटा इकडून तिकडे पळतो आणि दोन्ही टोकांना आपटतो. एका मिनिटात शंभरावर वेळा. असे चार माग एकदम चालले की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. त्या आवाजात सूरजच्या आईची, हरणाबाईंची, बावीस वर्षं गेली होती. कानात त्या सुताचे बोळे घालायच्या, पण त्याने काय होणार?

तरीही त्या कानांची करामत माझ्यापेक्षा मोठी होती. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता त्या भिंतीपलीकडचा आवाज ऐकून म्हणायच्या, "आवं, तिसऱ्याचा धागा गेला बगा." भाऊसो जाऊन बघत, तर खरंच तिसऱ्या मागाचा धागा तुटलेला असे. सगळं घर त्या कानांवर चाललं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

पाडव्याच्या दिवशी सूरजने खोकं उघडलं. हरणाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि मला नुसतं बोट लावून पाहिलं. "डोसक्याला तेल हाय माझ्या," असं म्हणून त्यांनी मला भाऊसोंकडे सरकवलं. भाऊसोंनी मला कानांवर बसवलं, सूरजने बटण दाबलं आणि मी जीव तोडून कामाला लागलो. भाऊसो दचकले. "आरं, माग बंद पडलं की!" असं ओरडत ते अनवाणी शेडकडे पळाले. माग धडधडत होते. भाऊसो मागांकडे आणि आपल्या कानांकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि दारात उभी राहिलेली मायलेकरं पोट धरून हसली. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक कामाचा दिवस.

मग भाऊसोंनी विचारलं, "केवढ्याला रं?"

सूरजने छाती फुगवून खरं सांगितलं, आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

"बत्तीस हजारात चार शेळ्या आल्या असत्या," भाऊसो म्हणाले.

हरणाबाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं. आधी नुसतं बोट लावलं होतं, आता तान्ह्या पोरासारखं जपून धरलं. "आणि ह्ये मी मागावर घालू? तिथं सुताचं तूस उडतंय, ऑइल उडतंय. चार दिसांत वाटुळं हुईल."

"आई, त्यासाठीच आणलाय न्हवं?"

"घालते की. येकादा चांगला दिवस बघून घालते."

सूरजची सुट्टी संपली. तो गेला त्याच संध्याकाळी मला टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं गेलं. वरच्या कप्प्यात लग्नातला शालू, दागिन्यांचा डबा आणि मी. आमच्यात दोन डांबरगोळ्या. सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढा मान कुणाला मिळतो? पाहुणे आले की हरणाबाई मला बाहेर काढून दाखवायच्या. नणंद सुलाबाई म्हणाली, "मी घालून बगू का वं?" तर हरणाबाई चटकन म्हणाल्या, "नगं बाई, तेल लागंल." भाऊसोंनी तर माझं नावच 'चार शेळ्या' ठेवलं. खंडेनवमीला मागांची, धोट्यांची, पान्यांची पूजा झाली तेव्हा मलाही पाटावर बसवून हळदकुंकू लावलं. पूजा झाल्यावर बाकीची हत्यारं कामाला गेली. मला पुसून परत कपाटात ठेवलं.

दर रविवारी सूरजचा फोन यायचा. "आई, हेडफोन लावतीस न्हवं?"

"व्हय व्हय, लावते की," हरणाबाई सांगायच्या. पोराचं मन मोडू नये म्हणून. मी कपाटातून ते ऐकायचो आणि मला राग यायचा. भिंतीपलीकडे माग धडधडायचे, आणि ज्या कामासाठी मी बनलो ते काम माझ्यापासून दहा पावलांवर चाललेलं असायचं. मी त्यांना कशी हाक मारणार? मला आवाज गिळता येतो, पण स्वतःहून हाक मारता येत नाही.

आणि मग मला एकेक गोष्ट जाणवू लागली. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी गॅस चालूच राहायचा. फोन वाजून वाजून बंद पडायचा. टीव्हीचा आवाज गल्लीत जाऊ लागला. आणि "तिसऱ्याचा धागा गेला" ही आरोळी स्वयंपाकघरातून ऐकू येईनाशी झाली. कापडात तुटलेल्या धाग्याच्या रेघा राहू लागल्या आणि व्यापाऱ्याचा माणूस तागे परत आणून टाकू लागला. भाऊसो चिडायचे, "ध्यान कुठं असतंय गं तुजं?" हरणाबाई गप्प बसायच्या. वाद नको म्हणून गप्प आहेत, असं भाऊसोंना वाटायचं. मला मात्र शंका होती की त्यांनी प्रश्नच ऐकला नसावा. एका रविवारी सूरज फोनवर म्हणाला, "आई, ह्या बारीला यायला जमणार न्हाई मला." त्या आनंदाने म्हणाल्या, "व्हय व्हय, लावते की."

मित्रांनो, त्या दिवशी मी फार घाबरलो.

दोन वर्षं अशीच गेली. मग श्रावणातली एक सकाळ उजाडली. भाऊसो दुसऱ्या मागावर वाकून धोट्यातली सुताची कांडी बदलत होते. हरणाबाई पलीकडे, तिसऱ्या मागाला पाठ करून, एक तुटलेला धागा गाठत होत्या. तिसऱ्या मागाचा ठेका बिघडला. धोटा सरळ बसत नव्हता, एक ठोका बोथट पडत होता. कपाटात असून तो मला कळला. पूर्वी हरणाबाईंना तो माझ्याआधी कळला असता, आणि मागे वळायच्या आत त्यांचा हात माग थांबवायच्या दांड्यावर गेला असता. त्या दिवशी त्या धागा गाठत राहिल्या. धोटा मागातून सुटला आणि भाऊसोंच्या डोळ्याखाली बसला. भाऊसो ओरडले. दुसऱ्यांदा ओरडले. गाठ मारून हरणाबाई वळल्या, तेव्हा कुठे त्यांना कापडावर रक्ताचे ठिपके दिसले.

शेजाऱ्यांच्या गाडीने भाऊसोंना मिरजेला नेलं. घर बंद राहणार, म्हणून हरणाबाईंनी दागिन्यांचा डबा पिशवीत घातला आणि त्याबरोबर मलाही. त्या मांडीवर पिशवी आवळून बसल्या होत्या. सूरज शिरवळहून थेट दवाखान्यात आला. भाऊसोंचा डोळा वाचला, सात टाके पडले. पण त्या गडबडीत नर्सने तीनदा विचारलेलं हरणाबाईंना कळलं नाही, म्हणून त्यांनाही कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ सूरजला दाखवली. "बारीक आवाज यांना जवळजवळ ऐकू येतच नाहीत. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते जपायचं."

"असं कसं मॅडम?" सूरज म्हणाला. "आई रोज हेडफोन लावती मागावर. बत्तीस हजाराचा हाय."

"बघू तो."

सूरजने पिशवीतून मला काढलं. टॉवेल सोडला. माझ्या वाट्यांवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. कुठे तेलाचा डाग नाही, कुठे तुसाचा एक कण नाही. मी दुकानात होतो तेवढाच चकचकीत होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सूरज आईकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "तुम्ही कंपनीत कानाला काय लावता?"

"पिवळं इयरमफ असत्यात, दोन्ही कान झाकणारं. कंपनीच देती."

"केवढ्याला येतं ते?"

"चारशेला."

"कारखान्यासाठी तेच बनवलेलं असतं. आईंना तेच का नाही आणलंत?"

सूरजने खाली मान घातली. "आईला चारशेचं द्यायचं म्हंजे..."

बाहेर व्हरांड्यात दोघं बाकावर बसली. समोर रिक्षांचा कलकलाट होता, दवाखान्याचा जनरेटर धडधडत होता. सूरजने डोळे पुसले, माझ्यावरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं आणि आईच्या अगदी समोर जाऊन मोठ्याने म्हणाला, "घाल आता! लागू दे तेल!" हरणाबाईंनी या वेळी नाही म्हटलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे कान माझ्या गाद्यांना लागले. ते गरम होते. सूरजने माझं बटण दाबलं.

मी सुरू झालो नाही, मित्रांनो. दोन वर्षं कुणी मला चार्ज केलं नव्हतं. माझी बॅटरी केव्हाच मरून गेली होती. सूरजने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. दिवा लागला नाही. मी त्या कानांवर नुसता ओझ्यासारखा बसून होतो.

आणि हरणाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. पोराची चूक नव्हती, हे त्याला सांगायची घाई झाल्यासारख्या त्या मोठ्याने म्हणाल्या, "लय भारी हाय रं सूरज! काय सुदिक ऐकू येत न्हाई बग!"

व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. सूरज बटणावर अंगठा दाबून तसाच उभा राहिला. मी बंद आहे, हे त्याने आईला अजूनही सांगितलेलं नाही.

आता शेडमध्ये खिळ्यावर पिवळं इयरमफ लटकलेलं असतं. ते ऑइलने काळं झालंय, त्याला तूस चिकटलंय, त्याची एक गादी फाटलीय. हरणाबाई रोज सकाळी ते कानांवर चढवूनच मागाजवळ जातात. मला त्याचा हेवा वाटतो. मी परत शालूशेजारी आहे.

मला कुणी विचारलं, तू एवढ्या किमतीचा आहेस का, तर मी काय सांगू? माझ्यात काही खोट नव्हती. सूरजच्या मायेतही खोट नव्हती. हरणाबाईंनी मला जपलं, माझ्यावर प्रेमच केलं. फक्त त्यांच्या कानांपेक्षा मी महाग आहे, असं त्यांना वाटलं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या आईसाठी काही आणाल तेव्हा एवढं कराच. खोक्यावरचं प्लास्टिक तुम्हीच फाडा. वस्तू तिच्या हाती देऊन निघू नका, ती वापरू लागेपर्यंत तिथेच थांबा. तिचं तेल, पीठ, ऑइल पहिल्याच दिवशी लागू द्या. आणि तिने किंमत विचारलीच, तर बेलाशक खोटं बोला. सांगा, चारशेला मिळालं.