चारठाणकर मुनींचा उत्तरार्ध

दिनकररावांनी आपल्या पहिल्यावहिल्या कादंबरीची पहिली प्रत नाकाशी नेली, खळीचा आंबूस वास घेतला आणि लगेच दोष शोधायला आरंभ केला. कापड सरळ बसले होते, पाठ ताठ होती. मागच्या पुठ्ठ्याचा कोपरा मात्र उकलला होता.

"खळ कमी पडली, मुंजाजी."

"वलं हाय आजून, गुरुजी. वाळलं की दगूड व्हईल बगा," पुस्तके बांधणारा जिल्दसाज मुंजाजी हसला. "लढाईपायी बाजारात पुठ्ठा मिळंना. तुमीच म्हनले, जुना हातकागद चिकटवून कर. तसंच केलंय."

त्यांनी तसे बजावले होते खरे. कादंबरी शेकडो वर्षांपूर्वीचे गद्यकार चारठाणकर मुनी यांना अर्पण केलेली. तिला गिरणीच्या कागदाचा पुठ्ठा कसा शोभावा? मुनींसारखे गद्य पुन्हा झाले नाही, हे सिद्ध करण्यासाठी दिनकररावांनी कादंबरीशी जाडीत स्पर्धा करील अशी प्रस्तावना जोडली होती. मुनींचा उपलब्ध ग्रंथ शिष्याच्या एका प्रश्नावर थांबतो : 'गुरु गेलेयां कवणातें पुसावें?' याचे उत्तर मुनींनी लिहिलेच नाही, आणि न लिहिण्यातच गद्याचे शिखर आहे, हा प्रस्तावनेचा सिद्धांत. उत्तरार्ध आपल्या घरी आहे, असे पेडगावचे किशनराव सांगत. परंतु मुनींच्या पंथाचा उपदेश न घेतलेल्याला पोथी दाखवत नसत. पोखर्णीच्या यात्रेत दिनकररावांनी चारचौघांत त्यांना लबाड ठरवले होते. किशनराव नुसते हसले होते.

दिनकररावांनी उकललेला कोपरा नखाने आणखी सोडवला. आत काळीभोर अक्षरे दिसली. वळण जुने होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उजेडाकडे कलते केले.

'...कवणातें पुसावें? मुनि म्हणती : जयाचें आइकिलें नाहीं, तयातें पुसावें.'

पुस्तक त्यांच्या हातून निसटून मांडीवर पडले. मुंजाजी काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ तेवढे हलताना दिसले.

"हा कागद... कुठला?"

"पेडगावच्या चतुराबाईचा, किशनरावांच्या बायकूचा. किशनराव वारले न्हवं का. घरात दुसऱ्या कुनी उपदेश घेतलेला न्हाई, म्हनून म्हातारी पोथी गंगंत सोडाया निघाली व्हती. म्या म्हनलं, माय, पान्यात घालन्यापरीस गुरुजीच्या पुस्तकाला दे. लय खुशीनं दिली."

"खुशीने?"

"हां. म्हनली, मालक आन् गुरुजी जलमभर भांडले. आता तरी एका जागी ऱ्हाऊ द्या."

दिनकररावांनी मांडीवरचे पुस्तक उचलून आतले पान निरखले.

"पाने कापलीत?"

"छ्या! पाप लागतंय. परतेक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात एकेक अख्खं पान हाय."

भिंतीशी प्रतींची थप्पी दाबाखाली होती. उद्या सायंकाळी प्रकाशन. माधवराव वकील अध्यक्ष. प्रस्तावनेवरचे त्यांचे भाषणही तयार होते.

दिनकररावांचा उतरलेला चेहरा पाहून मुंजाजी वरमला. "एवढं काय त्यात! थोडी खळ लावून दाबतो. कुनाला कळायचं बी न्हाई."

दिनकररावांनी थप्पीकडे बोट केले.

"पुठ्ठे पाण्यात घातले तर थर सुटतील?"

"सुटतील की."

"आणि शाई?"

"काजळाची दिसती. टिकंल. पर गुरुजी, पुस्तकं उघडी पडतील! दुसऱ्या पुठ्ठ्याला कागद कुठून आनू? उद्याला लोक येयलेत."

दिनकररावांनी मुंजाजीची धारदार रापी उचलली आणि मागचा पुठ्ठा सांध्यापासून हलकेच सोडवून बाजूला ठेवला. मग पुस्तक आरंभी उघडले. अर्पणपत्रिका उलटली, पुढच्या प्रस्तावनेचा जाड गठ्ठा चिमटीत धरला आणि शिवणीपासून ओढून काढला.

"घ्या," गठ्ठा मुंजाजीपुढे ठेवत ते म्हणाले. "प्रत्येक प्रतीत आहे. पुठ्ठ्याला पुरून उरेल."