गाईचा घास

"पहिला घास गाईचा. तिच्या पोटात गेल्याबिगर आपल्या तोंडात काही टाकजो नको."

पार्वताबाईंनी, म्हणजे रुखमिणीच्या सासूने, हे सांगितले तेव्हा रुखमिणीच्या अंगाची हळद उतरली नव्हती. पार्वताबाईंना जाऊन पंचवीस वर्षे झाली, पण रोज सकाळी भाताचे गंज चुलीवरून उतरले की तो आवाज कानाशी येऊन उभा राहायचा. बेचाळीस वर्षे रुखमिणीने तो नेम पाळला. तापात पाळला, बाळंतपणात पाळला. नवरा यादोराव गेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी आणलेल्या पिठलं-भातातला पहिला घाससुद्धा कोठ्यात गाईपुढे गेला. करडी गावात बायका म्हणायच्या, रुखमिणीबाईच्या घरची गाय कधी उपाशी राहिली नाही. ते खरेच होते. माणसांचे तेवढे खरे नव्हते.

आठ वर्षांपूर्वी तिचा मुलगा चंद्रकुमार कुवेतहून आला तो बायको घेऊनच. फिलिपिन्सची होती, नाव मारिसेल, तिकडे एका दुकानात कामाला. रुखमिणी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून निजली. चौथ्या दिवशी उठली आणि म्हणाली, "आनलीच हाये त आता माणसात आनू." अंगणात मांडव पडला. ताटात तांदूळ पसरले आणि चंद्रकुमारच्या हातून अंगठीने नाव लिहून घेतले, मेघा. मारिसेलने तांदळाकडे पाहून हसत हात जोडले. तिला वाटले, काही आशीर्वादाचे असेल. आपले नाव गेले हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. चार हाका मारूनही ती उठेना म्हणून रुखमिणीने पाठीत धपाटा घातला, तेव्हा. गळ्यातली बारीक साखळी क्रूसासकट पेटीत गेली आणि पेटीची किल्ली रुखमिणीच्या कमरेला.

दोन महिन्यांनी चंद्रकुमार एकटाच परत गेला. बायकोला तिकडे ठेवायची परवानगी त्याला मिळत नव्हती. मेघाला दिवस गेलेले होते. मग रुखमिणीने शिकवणी सुरू केली.

नियम सोपा होता. जे पाहिजे ते आपल्या बोलीत, नाव घेऊन मागायचे. बोट दाखवले तर मिळणार नाही.

"पानी म्हण."

मेघाने चार बोटे ओठांशी नेली. रुखमिणीने त्या बोटांवर पळी मारली.

"मुकं जनावर हाये का तू? गाय मुकी हाये, तिले बिनमागता भेटते. तुले देवानं तोंड देलं."

ओसरीवर शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्या हसल्या. कैलाशची आई तेवढी म्हणाली, "अवो बाई, पोटुशी हाये थे."

"पोटातल्यालेबी आयकू द्या," रुखमिणी म्हणाली. "थे तरी आपलं बोलन."

पाण्याला एक दुपार लागली, भाताला दोन दिवस. जीभ वळत नव्हती आणि रुखमिणी ऐकत नव्हती. तिसऱ्या दिवशी मेघाने भिंतीला धरून उभे राहत सांगितले, "आई, मले भात द्या." रुखमिणीने ताट भरून वाढले, वरून तूपही सोडले. आपण फार चांगले काम केले असे तिला वाटले.

वर्षभरात मेघा अशी बोलायला लागली की तोंडावर पदर असला तर बसच्या कंडक्टरलाही ती करडीचीच वाटायची. धानाच्या रोवण्याला बांधीतल्या चिखलात उतरली तेव्हा तिचा हात सगळ्या बायकांच्या पुढे चालला. तिच्याही माहेरी धानच होते. रुखमिणीने पाहिले आणि रोपांची पुढची जुडी तिच्याकडे टाकली.

मेघाला मुलगी, तृप्ती, झाल्यावर दुसरा नियम आला. पोरीच्या कानावर आईच्या भाषेची टिवटिव पडायची नाही. मेघा आपल्या आईशी फोनवर बोलायची ती घरामागे, तणसीच्या ढिगाआड. एकदाच, तृप्ती पाच वर्षांची असताना, तिकडच्या म्हातारीने फोनमध्ये नातीला पाहायचा हट्ट धरला. म्हातारी रडत रडत काहीबाही बोलत राहिली. तृप्ती धावत आली, "आजी, थे बुढी टिटवीवानी बोलते." रुखमिणीला हसू आवरेना. तिने ते देवळात सांगितले, पाणवठ्यावर सांगितले. मेघा तिथेच घागर भरत होती.

मागल्या पोळ्याला ती म्हातारी वारली. रुखमिणी म्हणाली, "आपल्याले सुतक लागत नाही. पुरण घाल शिजाले."

मेघाने पुरण शिजवले.

यंदा आखाडात रुखमिणीला भोवळ आली, तेव्हा पहिल्यांदा तिला नेमाची काळजी पडली. लेक उर्वशी अड्याळला दिली होती. तिला मोबाईल भला आणि ती भली. रुखमिणी मेघाला कोठ्यात घेऊन गेली आणि तिचा हात गाईच्या पाठीवर ठेवला.

"मी पडली त हा नेम चालवशील?"

"चालवीन, आई."

"शबद दे."

"देला."

त्या रात्री रुखमिणीला गाढ झोप लागली. पोटच्या पोरीच्या शब्दावर नव्हता एवढा भरवसा तिला या शब्दावर होता. मेघाला हे तिने कधी सांगितले नसते.

दिवाळीनंतर, धानाची मळणी चालू असताना, ती खळ्यातच कोसळली. उजवे अंग गेले, वाचा गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उर्वशीदेखत सांगितले, "यांना बोलतं करा. जे हवं ते लगेच हातात देऊ नका. तोंडाने मागू द्या." मेघाने मान हलवली. रुखमिणीला सगळे ऐकू येत होते, सगळे समजत होते. फक्त ओठांतून निघत होते ते लाळेसोबतचे एक "बु… बु."

घरी आणल्यावर उर्वशी आठ दिवस राहिली. जाताना अड्याळला न्यायला टेम्पो बोलावून गाय चढवली. "वहिनी, आई अन् गाय, दोन्ही तुह्यानं होनार नाही. दादाले फोनवर सांगतलं मी." गाय टेम्पोत हंबरत गेली. बाजेवरून रुखमिणीला दारातून रिकामा कोठा दिसत होता आणि खुंट्याला राहिलेला दावणीचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तहान लागली. डावा हात तेवढा हलत होता. तिने चार बोटे ओठांशी नेली.

मेघा पाण्याचा गिलास घेऊन बाजेशी आली. मंगळसूत्राखाली बारीक साखळी चमकत होती. किल्ली आता तिच्या कमरेला होती.

"तुबिग," ती म्हणाली.

रुखमिणीने तिच्याकडे पाहिले.

"पानी नाही, आई. तुबिग. आमच्या इकडं पान्याले तुबिग म्हणते. म्हणा."

रुखमिणीने पुन्हा बोटे ओठांशी नेली.

"मुक्या जनावराले बिनमागता भेटते," मेघा शांतपणे म्हणाली. "तुमाले देवानं तोंड देलं." आवाजात राग नव्हता. धान पाखडताना बाई बोलते तसा आवाज होता. गिलास तिने खिडकीत ठेवला आणि भांडी घासायला बसली.

कैलाशची आई विचारपूस करायला आली तेव्हा शिकवणी चालूच होती. "तु… म्हणा, आई. तु." रुखमिणीच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"डाक्टरनं सांगतलं बोलतं करा म्हणून," मेघा म्हणाली.

"लय गुणाची हाये वो माय तू," कैलाशची आई म्हणाली. "पोटची पोरगी गेली पळून, अन् तू पाय." मग रुखमिणीकडे वाकून मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावे तसे, "बोला बाई, बोला. तुमच्याच भल्यासाठी करून राहिली थे."

शाळेतून आलेली तृप्ती बाजेच्या काठावर बसली. तिला आदल्या दुपारीच आईकडून पाच शब्द आले होते. "आजी, सोपं हाये ना. तुबिग. आई, हिले काहून येत नाही?"

"येइन," मेघा म्हणाली. "मलेबी आलं."

दुपार कलता कलता रुखमिणीच्या तोंडातून "थु…" असे काही निघाले. मेघाने लगेच तिला उठवून बसवले, मानेखाली हात घातला आणि पाणी पाजले. एक थेंब सांडू दिला नाही.

पण पेजेला रुखमिणीने तोंड उघडले नाही. "कानिन," मेघा म्हणाली. "भाताले कानिन." रुखमिणीने ओठ मिटून घेतले आणि दाराकडे पाहत राहिली. मेघाला वाटले, जुनी घमेंड अजून शिल्लक आहे. तिने पेज झाकून ठेवली. रात्रीही तेच, दुसरा दिवसही तसाच. तिच्याच घरात बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गाईचा घास निघाला नव्हता, आणि हे सांगायला रुखमिणीकडे ना आपला शब्द होता ना परका. नेम मोडून मेले तर सासूला काय तोंड दाखवू, एवढेच तिच्या मनात घोळत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेघा ताट घेऊन आली. रुखमिणीचे गाल आत गेले होते. डोळे दाराबाहेरच होते. मेघाने त्या नजरेमागे मान वळवली. कोठा. खुंटा. दावणीचा तुकडा.

तिने ताट बाजेशी ठेवले. मग चुलीकडे गेली, गंजातला वरचा गरम भात काढला, पळसाच्या पानावर ठेवला, त्यावर गुळाचा खडा ठेवला. रुखमिणी रोज ठेवायची तेवढाच.

"जागेश्वरभाऊची गाय बोडीच्या पाळीवर, पान्याजवळ बांधली असते," ती म्हणाली. "तिले देऊन येते. शबद देला होता मी तुमाले."

 दोन दिवसांत पहिल्यांदा रुखमिणीने खायला ओठ उघडले, पाखराच्या पिल्लासारखे, आणि डावा हात ताटाकडे नेला.

मेघाने ताट उचलून खिडकीत ठेवले. गिलासही, हात लागून सांडायला नको म्हणून, थोडा मागे सरकवला.

"आधी गाईचं. मंग तुमचं. आल्यावर बसू आपुन. तवर म्हणत राहा, कानिन."

तिने पानावर पदर झाकला, चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतले आणि घास निवायच्या आत पोचावे म्हणून बोडीच्या वाटेने झपाझप निघाली.