थोरली बॅटरी, धाकली बॅटरी

आमच्या नावेत दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्यावरून माझी नि विरूपाक्षअप्पांची बारा वर्षं कुरबुर चालली. नाव आम्हा दोघांची. गाव धरणाच्या फुगवट्याकाठी, अलीकडं आम्ही, पलीकडं जिंतूरला जाणाऱ्या जीपगाड्या. माणसं, शेळ्या, मास्तर, बाजाराच्या पिशव्या असं सगळं आम्ही पार करतो. सुकाणू माझ्याकडं, इंजिन अप्पांकडं.

थोरली बॅटरी फक्त इंजिन चालू करायला. धाकली बाकीच्या सगळ्याला, म्हणजे दिवे, पाणी उपसायचा पंप आणि छोटा इन्व्हर्टर. मधे एक गोल बटन. एकवर केलं की थोरली, दोनवर धाकली, तिसरी खूण दोन्हींची. इंजिन चालू असताना ज्या खुणेवर बटन असेल तीच बॅटरी भरते. म्हणून अप्पा जाताना थोरली भरायचे आणि येताना धाकली. दर सोमवारी महादेवाची पूजा झाली की बॅटऱ्यांत पाणी बघायचे, तारांच्या टोकांना व्हॅसलीन लावायचे. त्या दिवशी आमची नाव कधी वेळेवर सुटली नाही. मी चिडायचो.

"ह्या दोघी जावा हायती, लिंबाजी," ते म्हणायचे. "धाकली रिकामी असली तर थोरलीला तिच्याशी जोडू नका. थोरली तिला पाजत बसती आन् दोघीबी उपाशी मरत्यात."

मला हे पटायचं नाही. एकाकडं आहे, दुसऱ्याकडं नाही, तर अर्धं अर्धं करावं. आमच्या गावात असंच चालतं. कुणाच्या घरचं पीठ संपलं तर शेजारी सूप भरून देतो, परत कधी येईल ते विचारत नाही. बॅटरीनं तेवढं तरी करावं, असं मी म्हणायचो आणि अप्पा हसायचे.

गेल्या श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला. ओढ्यावरच्या पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला, लाईट गेली. अप्पांच्या बायकोला, भागम्मावैनींना, दोन वर्षांपासून फुप्फुसाचा आजार होता, त्या पावसात तो बळावला होता. घरात हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन होती, लाईटवर चालणारी. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली तसा त्यांचा दम चढला. आम्ही बाज उचलली आणि त्यांना नावेत आणलं. मशीन इन्व्हर्टरला लावली, बटन दोनवर. त्यांचा मुलगा मल्लेश उशाशी बसला. पलीकडं दवाखान्यात न्यायला गाडी सांगून ठेवली होती. वीस मिनिटांचं काम होतं.

पण वारं सुटलं. पाणी असं उसळायला लागलं की रिकामी नावही आडवी झाली असती. अप्पा म्हणाले, "चारच्या सुमाराला वारं पडंल. तवर थांबू. थोरली भरलेली हाय, इंजिनाची काळजी न्हाई." इंजिन नुसतंच चालू ठेवून बॅटरी भरायची म्हटलं तर टाकीत पार जाण्यापुरतंच डिझेल होतं. हँडल मारायचं जुनं इंजिन काढून बॅटरीवर सुरू होणारं, सेल्फचं, आम्हीच मोठ्या हौसेनं बसवलं होतं.

एक वाजता मशीन ओरडायला लागली. धाकली संपत आली होती. वैनींचे ओठ निळसर दिसायला लागले. मल्लेश माझ्याकडं बघत म्हणाला, "काका, कायतरी करा की!"

तेव्हा काय करायचं होतं ते आज मला लख्ख कळतं. मल्लेशला गावात पाठवून ट्रॅक्टरची बॅटरी आणवायची होती. चिखलातून जायला यायला दीड तास लागला असता, पण आली असती. ते मला सुचलं नाही. मला समोर गोल बटन दिसलं. अप्पा पुढच्या टोकाला पाठमोरे उभे राहून दोर आवळत होते, मल्लेश पुन्हा आईवर वाकला होता. मी बटन दोन्हींवर केलं.

मशीन गप झाली आणि नीट चालायला लागली. थोड्या वेळानं वैनींचा रंग परतला. अप्पा त्यांच्याजवळ येऊन बसले, हातात हात घेऊन. दोघं हळूहळू बोलत होती. मला वाटलं, बघा, अर्धं अर्धं केलं आणि झालं की नाही! मी स्वतःवर खूश होतो. आज ते आठवलं की स्वतःचं तोंड फोडावंसं वाटतं.

साडेतीनला मशीन पुन्हा ओरडली आणि लगेच बंदच पडली. वारं बरंच पडलं होतं. अप्पांनी बटन एकवर घेऊन सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. इंजिन हललंसुद्धा नाही.

"बटन सकाळपास्नं दोन्हीवर ऱ्हायलं व्हतं," अप्पा मल्लेशला म्हणाले. "मीच ईसरलो."

मी तोंड उघडलं नाही. मल्लेश ट्रॅक्टरची बॅटरी आणायला धावला. मी वल्हं मारायला घेतलं, पण एवढी जड नाव एका वल्ह्यानं जागची हलेना. मल्लेश खांद्यावर बॅटरी घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून परत आला, तेव्हा त्याच्या आईला जाऊन अर्धा तास झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं वैनींना बसवून, अंगाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली. मल्लेशनं सगळं केलं, बापाकडं एकदाही बघितलं नाही. पाचव्या दिवशी तो बायकोला घेऊन राणीसावरगावला सासऱ्याकडं निघून गेला. जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, "बारा वर्सं इंजिन संबाळलंत आन् माज्या आईच्या टायमाला ईसरलात." अप्पा खाली मान घालून उभे होते. मी शेजारीच होतो.

महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. अप्पा नावेवर यायचे, पण इंजिनाला हात लावायचे नाहीत. एका सकाळी प्रवासी यायच्या आधी मी त्यांचे पाय धरले.

"अप्पा, बटन मी फिरवलं. तुमी न्हाई ईसरलात. मी आजच राणीसावरगावला जातो, मल्लेशला सांगतो."

त्यांनी मला उठवलं. रागावतील, मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "मशीन गप झाली तवा मी मागं वळून बघितलं. तुमचा हात बटनावरच व्हता."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलणारच व्हतो. दोनवर घ्या म्हणून वरडायला तोंड उघडलं व्हतं. तेवढ्यात तिनं डोळे उघडले आन् मला इचारलं, तुमी जेवलात का?" अप्पांनी पाण्याकडं बघितलं. "तीन दिवस तिला बोलाया दम नव्हता, लिंबाजी. बटन फिरवलं असतं तर मशीन त्याच घडीला बंद पडली असती. मला ठावं व्हतं इंजिन चालू व्हणार न्हाई. तुमाला ठावं नव्हतं. ट्रॅक्टरची बॅटरी मलाबी सुचली न्हाई, मी तिच्यापशी बसलो. अडीच तास बोललो आमी."

मी इतकंच म्हणालो, "मल्लेशला काय सांगू?"

"काई सांगू नका," अप्पा म्हणाले. "मी ईसरलो, असंच त्याला वाटू द्या."