‘ब’ दाबा

स्वागत आहे! ‘वर्गातील सांस्कृतिक विविधता : शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण.’ पुढे जाण्यासाठी ‘पुढे’ दाबा.

दाबलं.

इस्त्रीच्या टेबलावर मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. पडद्यावर एक बाई जीव तोडून काहीतरी समजावत होती. तिचा आवाज बंद होता. उद्या सकाळपर्यंत प्रत्येक शिक्षकाचं प्रमाणपत्र जमा झालंच पाहिजे, अशी मुख्याध्यापकांची ताकीद होती आणि चौथीच्या बाईंचा पारा सकाळपासूनच चढला होता.

“आठवडाभर पोरं सांभाळा, वह्या तपासा, आणि रविवारी ही बया आम्हाला संस्कृती शिकवणार!” त्यांनी नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री अशी दाबली, जणू प्रशिक्षण काढणाऱ्याचाच गळा हाती लागलाय.

“आवाज का बंद केलास गं?” सासूबाईंनी विचारलं. त्याही जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. चष्मा कपाळावर, जीभ तिखट.

“ऐकायचं कशाला, आई? उत्तरं आलीत आमच्या ग्रुपवर. पीटीच्या सरांनी टाकली.”

“त्यांना कुठून मिळाली?”

“दुसऱ्या शाळेतून.”

“म्हणजे कॉपी.”

“कॉपी काय, आई! सहकार्य म्हणतात त्याला. माझे हात गुंतलेत, तुम्ही जरा दाबा ना. आता प्रश्न आला की ‘ब’ दाबा.”

“मी वाचल्याशिवाय काही दाबत नाही,” म्हणत सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला.

इथे गोष्ट मोडतो. शुक्रवारी काय झालं, ते आधी सांगायला हवं.

बाईंच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. घरचे लोक लांबून कामासाठी आलेले, घरात बोलणं वेगळ्याच भाषेत. वर्गाची भाषा ती शिकली होती. पण बाईंनी काही विचारलं, की ताठ उभी राहायची, नजर जमिनीला, आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची.

शुक्रवारी बाईंनी विचारलं, “झाडाची पानं हिरवी का असतात?”

पुटपुट.

“माझ्याकडे बघ! उत्तर काय फरशीवर लिहिलंय?”

वर्ग हसला. बाईंनी पट्टीच्या टोकानं तिची हनुवटी वर केली. पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले.

“मी खांबाशी बोलतेय, खांबाशी!”

मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग तिला ‘खांब’ म्हणू लागला. आणि शाळा सुटल्यावर बाईंनी शेरा लिहिला : नजरेला नजर देत नाही, प्रतिसाद नाही, खालच्या वर्गात बसवावे. सोमवारी बापाला सहीला बोलावलं होतं. बस. एका सहीनं पोरगी ‘मंद’ ठरणार होती.

मोडलेली गोष्ट जोडतो.

सासूबाई मोठ्यानं वाचू लागल्या. “वेगळ्या समाजातून आलेली एक विद्यार्थिनी शिक्षकांशी बोलताना खाली पाहते. याचा अर्थ काय असू शकेल? अ, तिला येत नाही...”

“ब दाबा.”

“ब म्हणजे काय?”

“मला काय ठाऊक! ब म्हणजे ब!”

“ब म्हणजे, तिच्या घरी मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आदर असू शकतो. शिक्षकांनी आधी घरच्यांना विचारावं.” सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे तुझ्या त्या नव्या पोरीसारखंच नाही का गं? परवा जेवताना सांगत होतीस ती, खांब?”

बाईंनी इस्त्री उभी केली. “आई, मोबाइलमधली बाई काहीही सांगेल. माझ्याकडे भरलेला वर्ग आहे! एकेकीच्या घरचे रिवाज विचारत फिरू?”

“नको फिरूस. पण मग शेराही मारू नकोस.”

“म्हणजे चूक माझीच?”

“तू लग्न होऊन या घरात आलीस, तेव्हा माझ्यासमोर हसायची नाहीस. मला वाटलं, काय शिष्ट पोर आणलीय! मग कळलं, तुझ्या माहेरी मोठ्यांपुढे खिदळत नाहीत. मी काय केलं? परत पाठवलं तुला? निदान विचारलं तरी!”

“मग आता काय तिच्या पायाशी बसू?” बाई कडाडल्या.

“पायाशी नको. शेजारी बसलीस तरी पुष्कळ.” सासूबाईंनी मोबाइल पुढे सरकवला. “हं, दाब तुझा ‘ब’. शाबासकी मिळेल.”

बाईंचं बोट पडद्यावर आलं आणि तिथंच थांबलं. बरोबर उत्तर त्यांना माहीत होतं! पूर्ण गुण मिळणार होते! त्याच हातानं शुक्रवारी पट्टी धरली होती. त्यांना राग आला. ग्रुपचा, पीटीच्या सरांचा, सासूबाईंचा. आणि मग, पुढे कुणीच उरलं नाही तेव्हा, स्वतःचा.

त्यांनी प्रशिक्षण बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून उघडलं. या वेळी आवाज सुरू केला.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत नवा फलक भिंतीला टेकवून ठेवला होता : शंभर टक्के प्रशिक्षित शाळा. खिळा ठोकायचा बाकी होता.

“बाई, तुमचंच प्रमाणपत्र राहिलंय,” मुख्याध्यापक म्हणाले. “आणि हे त्या नव्या मुलीचे वडील. यांची सही घ्या, विषय संपवा.”

टेबलाशी मालवाहू गाडीवरचा एक चालक उभा होता. ताठ. नजर फरशीवर.

“बघा,” मुख्याध्यापक हलकेच हसले, “बापाकडे पाहिलं की मुलीचं कळतं.”

“सर!” बाईंचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला. “तुमचं प्रशिक्षण झालं ना? नजर खाली ठेवणाऱ्या मुलीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“ते... ब असेल. सगळ्यांचं ब होतं.”

“ब म्हणजे काय?”

मुख्याध्यापकांनी पेपरवेट फिरवायला घेतलं.

बाई वडिलांकडे वळल्या. “दादा, मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ती माझ्याशी बोलताना खाली का बघते?”

तो गोंधळला. शब्द जुळवत, तुटक बोलला. “आमच्याकडे मोठ्यांच्या डोळ्यांत बघत नाहीत, बाई. मीच सांगितलंय तिला. शाळेतल्या बाई आईपेक्षा मोठ्या.” मग घाबरून, “तिचं काही चुकलं का?”

आईपेक्षा मोठ्या! आणि या आईपेक्षा मोठ्या बाईनं तिची हनुवटी पट्टीनं उचलली होती!

“तिचं नाही चुकलं,” बाई म्हणाल्या. शेऱ्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. स्वतःची.

“अहो, पण फलक...” मुख्याध्यापक म्हणाले.

“माझं प्रशिक्षण चालू आहे, सर. फलक थांबेल.”

वर्गात शिरताच कुणीतरी “ए खांब, सरक!” म्हणालं. बाई फळ्यापाशी गेल्या.

“हा शब्द कुणाचा आहे? माझा आहे. मी वापरला, आणि तो घाण होता. आजपासून तो या वर्गात कुणी उच्चारायचा नाही, आणि उच्चारायचाच असेल तर आधी येऊन मला विचारायचं, की मला लाज वाटते का. वाटते!”

बाई खुर्चीकडे गेल्या नाहीत. त्या मुलीच्या बाकावर, तिच्या शेजारी बसल्या, गुडघे अडकले तरी. तिच्याकडे पाहिलं नाही. दोघींची नजर एकाच बाकाच्या लाकडावर.

“पानं हिरवी का असतात, गं?”

मग बाकाकडे बघतच ती बोलू लागली. हिरव्या रंगाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, पान आपलं अन्न कसं तयार करतं तेही सांगितलं. सगळं बरोबर. शुक्रवारीही बरोबरच होतं. ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.

नागरिकहो, आपण सगळेच प्रशिक्षित आहोत. विविधतेवर भाषणं देतो, भिंतीवर फलक लावतो, आणि समोरचं माणूस आपल्यासारखं वागलं नाही की हातात पट्टी घेतो. वेगळं वागणं म्हणजे कमी असणं नव्हे. शेरा मारण्याआधी विचारा! एवढाच धडा आहे, आणि तो आवाज बंद ठेवून शिकता येत नाही.

आता शेवटचा प्रश्न : तुमच्या वर्गात, कचेरीत, जिन्यात असा ‘खांब’ कोण आहे, आणि ते नाव त्याला कुणी दिलं?

उत्तर ग्रुपवर मिळणार नाही.