भिवराबाईच्या वाट्याचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. धारूरच्या बाजारातून भिवराबाईने मला घरी आणलं. काय माझी ऐट होती तेव्हा! चिंचेने आणि राखेने ती मला असं घासायची, की माझ्यात तोंड पाहून घ्यावं. पुढे स्टीलची भांडी आली, मी फडताळात गेलो. मग भिवराबाईही वारली.

तिची लेक सत्यशीला नोकरीतून निवृत्त झाल्यावर थायलंड-कंबोडियाच्या सहलीला निघाली. आईची आठवण म्हणून तिने मला पिशवीत घातलं. तिकडच्या विहारांत आपल्यासारखंच त्रिशरण म्हणत, फक्त चाल वेगळी. कंबोडियातल्या एका विहारात एका म्हातारीने ‘बुद्धाच्या देशातून आली’ म्हणून सत्यशीलेचे हात आपल्या कपाळाला लावले. आपल्या मुलखाची अशी ओळख तिला कधीच कुणी करून दिली नव्हती. ती खूप रडली.

त्याच विहारात भंतेंचा पाठ चालू असताना तिने आईच्या नावाने माझ्यात पाणी ओतलं. मग ते झाडाच्या मुळाशी सोडायचं, तेव्हाच मृताला पोचतं, असं वाटाड्याने सांगितलं. सगळ्यांनी सोडलं. सत्यशीलेचा हात धजेना. आमच्या बीडकडच्या बाईला भरला तांब्या मातीत ओतवतो होय? तिने ते पाणी बाटलीत भरून घरी आणलं आणि पुन्हा माझ्यात ठेवलं.

उन्हाळा लागला. माठ आटायचे, माझ्यातलं पाणी थेंबभरही आटेना. मी मात्र जड होत चाललो. सत्यशीला वाकली की आत दुसराच चेहरा दिसे. पाण्यात असूनही त्याचे ओठ सुकलेले होते. मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटू लागली.

एका दुपारी आतून आवाज आला, “सत्या, कवाची उभी हाय मी. वत की.”

सत्यशीलेने आईचा आवाज ओळखला. तिच्या लहानपणी गावच्या आडाला आईला शिवू देत नसत. कुणी वरून ओतील तेव्हा पाणी. तोवर भिवराबाई मला पुढे धरून उन्हात उभी राहायची.

“आये, मीबी तुला उभीच ठेवली गं,” ती म्हणाली.

तिने मला दारच्या लिंबाखाली नेलं आणि पालथं केलं. पाणी कितीतरी वेळ पडत राहिलं. मातीतून घटाघटा पिण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि मी हलका झालो.

मित्रांनो, पाणी जरूर जपा. पण ज्याच्या नावाने भरलं, त्याला ते वेळेवर द्या. तो मागत नाही, नुसता उभा असतो.