अस्तरात राहिलेला रुपया

मी एक जुना चोरखिसा आहे. नावावरून माझ्याबद्दल मत करून घेऊ नका, मित्रांनो. जो खिसा वरून दिसत नाही त्याला शिंपी चोरखिसा म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. एका काळ्या जाकिटाच्या आत, डाव्या काखेखाली माझी जागा आहे. तोंड रुंद, पोट खोल. मी कायम अंधारात असतो, त्यामुळे मला दिसत फारसं नाही, पण ऐकू सगळं येतं. म्हणून जे कानावर आलं आणि जे माझ्या अंगाला लागलं, तेवढंच सांगतो.

जाकीट देवलाचं. देवला औंढा नागनाथजवळच्या तांड्यावर राहतो आणि हातचलाखीचे खेळ करतो. त्याच्याकडे पेटारा नाही, पडदा नाही. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवहारचं चहाचं हॉटेल आहे, तिथलं कोपऱ्यातलं टेबल हीच त्याची जागा. समोर चार भाविक, मधे चहाचे ग्लास, आणि बघणाऱ्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर देवलाचे हात.

मला त्याच्या बायकोनं, रुपानं शिवलं. कापड तिच्या सासूच्या जुन्या फेट्याचं होतं. तांड्यावरच्या बाया घागऱ्याला फेट्या म्हणतात. त्यावरचे आरसे तिनं एकेक करून काढले, कारण नाणं आरशावर आपटलं असतं तर वाजलं असतं. तरी पहिल्याच दिवशी फजिती झाली. माझ्यात दोन नाणी एकमेकांवर पडली आणि खणकन आवाज आला. शिवहार म्हणाला, "देवला, बगलेत घुंगरू बांधलं का रे?" सगळं हॉटेल हसलं.

त्या संध्याकाळी रुपानं घोंगडीचा एक तुकडा कापून मला आतून अस्तर लावलं. जाड, काळी, खरखरीत लोकर. मग माझ्यात किती नाणी पडली तरी आवाज होईना. मुकेपणा हा माझा गुण ठरला. पुढे जे घडलं ते याच गुणामुळे, म्हणून हे ध्यानात ठेवा.

आता खेळ सांगतो. देवला कुणाकडून तरी नाणं मागून घ्यायचा. ते उजव्या हातातून डाव्या मुठीत दिल्यासारखं करायचा, पण ते उजव्यातच राहायचं. डावी मूठ हळूहळू वर जायची आणि तिच्यामागे सगळ्यांचे डोळे. तेवढ्यात उजवा हात जाकिटाच्या कडेला यायचा आणि नाणं माझ्यात पडायचं. डावी मूठ उघडली की आत काही नाही. उजवा हात दाखवला की तिथंही काही नाही. देवला म्हणायचा हवेत गेलं, कुणी म्हणे याला काहीतरी वश आहे. माझं नाव कुणीच घेत नसे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

शेवटी देवला नाणं पुन्हा काढून ज्याचं त्याच्या हातात द्यायचा. हा नियम रुपाचा. परक्याचं नाणं तांड्यावर आणायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. रोज दिवे लागायच्या आत ती मला उलटा करायची, झटकायची आणि शिवणीवरून अंगठा फिरवायची. कुठं सैल वाटलं तर लगेच दोरा घालायची. तिच्या अंगठ्याची मला इतकी सवय होती की दिवस त्यानंच संपायचा.

दोन वर्षांपूर्वी रुपा तापानं गेली.

त्यानंतर मला कुणी उलटं केलं नाही. घोंगडीची वरची शिवण एका जागी सुटली. आधी बोटभर, मग दोन बोटं. शेजारच्या जिवनबाईंच्या ते लक्षात आलं. सुई-दोरा घेऊन त्या आल्या, तर देवला म्हणाला, "राहू दे, भाबी." रुपाच्या हातावर दुसऱ्याचा हात त्याला नको होता. तो स्वतःही त्या जागेला बोट लावत नसे. तिथून हात असा बाजूनं न्यायचा, जसं दुखऱ्या जागेवरून नेतात.

रुपाची आणखी एक वस्तू त्याच्याजवळ होती. तिच्या कांचळीवर, म्हणजे तांड्यावरच्या चोळीवर, शिवलेला एक रुपया. निजामाच्या काळातल्या चारमिनारच्या रुपयासारखा दिसणारा, पण नकली, गिलटाचा. कांचळीवर शिवायला त्याला कडी होती. ती घासून काढून देवला तो रुपया छातीवरच्या खिशात ठेवायचा आणि रिकामा बसला की बोटांवरून फिरवायचा.

गेल्या श्रावणातला सोमवार. हॉटेल भरलेलं होतं. बाकाच्या कडेला एक म्हातारी बाई बसली होती. सिद्धेश्वर धरणाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरची, नाव चांगुणाबाई. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त पदराची गाठ सुटल्याचा आवाज आला, आणि देवला म्हणाला, "मावशी, तो चारमिनारचा रुपया द्या जरा. लगेच परत."

"न्हाई बापू, ह्यो खेळाचा न्हाई."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जुनं नाणं बघून देवलाच्या हाताला खाज सुटली असावी. लोकही म्हणू लागले, द्या की आजी, खातो का तो. शेवटी शिवहारनं शब्द दिला, "मावशी, पंधरा वर्सं बघून राहिलो. कुणाचं राह्यलं न्हाई."

त्या शब्दावर त्यांनी रुपया दिला.

तो माझ्यात पडला तेव्हा कोमट होता, गाठीतली ऊब त्याला होती. इतर नाण्यांपेक्षा जड. तो माझ्या तळाशी गेला नाही, मित्रांनो. उसवलेल्या जागेतून घसरून घोंगडी आणि फेट्याच्या कापडामधे शिरला आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं रुपानं कड दुहेरी दुमडली होती तिथं, लोकरीत रुतून बसला. आवाज अजिबात झाला नाही. नेमका त्याच वेळी हॉटेलातल्या कुणाच्या तरी हातून चमचा फरशीवर पडला.

देवलाचा हात परत आला. बोटं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. पुन्हा गेली. त्याच्या बोटांना लोकर लागली, चांदी लागली नाही. मी ओरडलो असतो, पण मला ओरडता येऊ नये म्हणूनच तर शिवलं होतं. त्याच्या छातीचे ठोके मला जाकिटातून ऐकू येत होते. चमच्याचा आवाज त्यानं ऐकला होता. रुपयाच फरशीवर पडला, असं त्याला वाटलं.

वीस-पंचवीस माणसं बघत होती. त्यानं छातीवरच्या खिशात हात घातला आणि रुपाचा रुपया चांगुणाबाईंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी नीट बघितलंही नाही. गाठ मारली आणि उठल्या. टाळ्या झाल्या.

लोक पांगल्यावर देवलानं टेबलं हलवली, बाकाखाली वाकून पाहिलं, झाडलोटीचा कचरा चाळला. घरी येऊन मला झटकलं. उसवलेल्या जागेत एक बोट घातलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. त्या जागेला त्यानं तेव्हाही हात लावला नाही.

पुढचे सहा महिने मी तो रुपया सांभाळला. सांभाळला म्हणणं बरोबर नाही, अडकवून ठेवला. दुसरी नाणी यायची, जायची. त्यांच्याखाली तो असायचा. थंडी पडली तशी त्याच्यातली ऊब गेली आणि तेवढी एक जागा कायम गार राहू लागली. देवलाचा खेळ बिघडला. हात माझ्यापाशी आला की थबकायचा, आणि मूठ उघडताना तो लोकांकडे न बघता दाराकडे बघतो, असं शिवहार एकदा म्हणाला. म्हातारी परत येईल याची त्याला भीती होती. आणि ती येत नाही याचीही. गाव कुठलं, हे शिवहारला विचारलं असतं तर कळलं असतं. त्यानं विचारलं नाही.

महाशिवरात्रीच्या जत्रेत चांगुणाबाई आल्या. भर दुपार होती, हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज झाला.

"ह्यो वळखता का, दादा?"

देवलाचा हात छातीवरच्या रिकाम्या खिशाकडे गेला.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. रुपया त्यांच्या मालकाचा होता. मसाजी नाव. तो जन्मभर पटक्याच्या शेवात बांधून हिंडला. गेल्या फाल्गुनात वारला. त्यांच्या घरात माणूस गेलं की त्याच्या अंगावरच्या चांदीचा टाक घडवतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती, आणि वर्ष भरायच्या आत ती देव्हाऱ्यात बसवतात. बाजारची चांदी चालत नाही. त्या सोमवारी त्या सोनाराचं दुकान उघडायची वाट बघत चहाला बसल्या होत्या. सोनारानं रुपया घासला आणि गिलटाचा म्हणून परत दिला. दीर हसले. मसाजीनं आयुष्यभर खोटा रुपया डोक्यावर मिरवला, असं भावकीत झालं. त्यांनी ते ऐकून घेतलं. पण परवा जत्रेत तांड्याच्या कपड्यांचं दुकान लागलं होतं, तिथं कांचळीवर रुपये शिवलेले दिसले, कडीचे. तेव्हा त्यांनी आपल्या रुपयाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कडी घासून काढली हाय ह्याची. माझ्या मालकाच्या रुपयाला कडी नव्हती. मी आळ घेत न्हाई. माझा कुठं गेला, तेवढं सांगा."

"पडला असंल, मावशी. इथंच."

"तवा तर तुमी म्हणले, हवेत गेला."

कुणीतरी हसलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "आठ दिसांनी वरीस भरतंय. मी जेवाया बसले की ते दारात उभे दिसतात. आत या म्हणता येत न्हाई. बसवायला जागाच न्हाई त्यांना."

मला माझ्या कोपऱ्यातली ती गार जागा जाणवली. ते दारात नव्हते, मित्रांनो. ते माझ्यात होते.

देवलानं जाकीट काढलं. शिवहार हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, लोकं बघून राहिले."

"बघू दे."

त्यानं जाकीट उलटं करून मला टेबलावर पसरलं. चारचौघांत माझ्यावर उजेड पडला तो पहिल्यांदा. भोवती कुजबुज झाली, कुणाच्या तरी हातून ग्लास निसटला. पंधरा वर्षांचं गुपित संपलं. "हितं जातं सगळं," देवला म्हणाला. "हितं न्हाई तुमचा. तुमीच बघा."

चांगुणाबाईंचा हात माझ्यावरून फिरला. लोकरीत जन्म गेलेला हात. घोंगडीत कुसळ राहिलं तरी कळणारा. उसवलेल्या जागेपाशी तो क्षणभर थांबला, खाली गेला आणि दुहेरी कडेच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला. रुपानंतर तिथं कुणाचा अंगठा आला नव्हता.

"हाय," त्या म्हणाल्या.

रुपया वरून निघेना, लोकरीनं त्याला धरून ठेवलं होतं. खालची शिवण उघडावी लागणार होती. शिवहारनं ब्लेड पुढे केलं.

"कापू नका," देवला एकदम म्हणाला.

"काहून?" शिवहारनं विचारलं.

"माझ्या मालकिणीच्या हातची हाय शिवण. ती न्हाई आता."

चांगुणाबाईंनी ब्लेड बाजूला सारलं. पिशवीतून सुई काढली आणि एकेक टाका उचलून दोरा ओढायला लागल्या, न तोडता. सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत गेल्या. जत्रेतले भोंगे बाहेर ओरडत होते. शेवटी रुपया बाहेर आला. काळा पडला होता. त्यांनी तो पुसला नाही, तसाच कपाळाला लावला.

मला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. बोटाचा दोरा सोडून सुईत ओवला आणि त्याच भोकांतून मला पुन्हा शिवलं. वर उसवलं होतं तिथला दोरा झिजला होता, पुरला नाही. तिथं त्यांनी आपल्या खांद्यावरच्या घोंगडीची काळी लोकर काढून घातली. सगळं झाल्यावर गिलटाचा रुपया देवलापुढे सरकवला.

"ही तुमच्या माणसाची खूण. दुसऱ्याला काहून देता?"

देवलानं तो रुपया मुठीत घेतला. ती मूठ मात्र त्यानं बराच वेळ उघडली नाही.

चैत्रात चांगुणाबाई एकदा येऊन गेल्या. टाक घडला, वर्ष भरायच्या आदल्या दिवशी बसवला, दिरांनीच हळद-कुंकू वाहिलं, हे सांगितलं. देवलानं विचारलं, आता बरं वाटतं ना मावशी. त्या म्हणाल्या, "व्हय. पण आता दारात बी दिसत न्हाईत."

देवलानं त्यांच्यासाठी चहा सांगितला.

देवला अजून खेळ करतो. हॉटेलातली रोजची माणसं मला ओळखतात आणि मुद्दाम दुसरीकडे बघतात. कुणी एकदा नको म्हटलं की तो पुन्हा नाणं मागत नाही. आणि रोज दिवे लागायच्या आत मला उलटा करून शिवणीवरून अंगठा फिरवतो, उसवलेल्या जागेवरूनसुद्धा.

मित्रांनो, उसवलेलं त्याच दिवशी शिवा. ती जागा कितीही दुखरी असली तरी तिला हात लावा. आणि घरी परतताना एकदा खिसे उलटे करून बघा. कुणाचं काही तुमच्याकडे राहिलं असेल, तर ते आवाज करेलच असं नाही.

माझ्या कोपऱ्यात रुपयाएवढा गोल खड्डा राहिला आहे. लोकर तिथं परत उभी राहत नाही. खेळ संपून सगळी नाणी ज्याची त्याला गेली की देवला छातीवरच्या खिशातून रुपाचा रुपया काढतो आणि घरी पोचेपर्यंत त्या खड्ड्यात ठेवतो. तो तिथं बरोबर बसतो.